वाचकांचे प्रश्न : राष्ट्रीय उद्यानाच्या कारभारात गावाचे मत

गेल्या अंकात मोले येथील अभयारण्याविषयी लिहिताना, स्कॉटलंडमधील राष्ट्रीय उद्यानांच्या मंडळांवर तेथील रहिवासी मतदानाने सदस्य पाठवतात, असा एका वाक्याचा उल्लेख आला होता. त्या वाक्यावर सांगे, सत्तरी, काणकोण आणि धारबांदोडा या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा पुतण्या पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनला गेला असून स्कॉटलंडमधील अ‍ॅव्हिमोर येथे हॉटेलात नोकरी करतो. त्याच्याकडे टपालाने एक मतपत्रिका आली होती आणि तीवर राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाचा सदस्य निवडायचा होता. ही पद्धत नेमकी काय आहे, आणि बाहेरून आलेल्या माणसाला हे मत कसे मिळते? (एक वाचक, धारबांदोडा)

उत्तर : अ‍ॅव्हिमोर हे गाव केअर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते. स्कॉटलंडच्या संसदेने २००० साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि त्यानुसार २००२ मध्ये लॉक लोमंड व ट्रॉसॅक्स हे आणि २००३ मध्ये केअर्नगॉर्म्स हे उद्यान अस्तित्वात आले. प्रत्येक उद्यानाचा कारभार पाहण्यासाठी एक प्राधिकरण असते, त्या प्राधिकरणाचे मंडळ असते, आणि मंडळातील किमान एक-पंचमांश सदस्य उद्यानात राहणाऱ्या मतदारांनी थेट निवडलेले असले पाहिजेत, असे कायद्यानेच ठरवून दिले आहे. केअर्नगॉर्म्सच्या मंडळात आज १९ सदस्य आहेत. त्यांपैकी ५ थेट निवडलेले, ७ स्थानिक परिषदांनी सुचवलेले आणि ७ स्कॉटिश मंत्र्यांनी नेमलेले असतात. आरंभी हे मंडळ २५ जणांचे होते. पुढे ते लहान करताना नेमलेल्यांच्या जागा कमी केल्या गेल्या, परंतु निवडून येणाऱ्या पाच जागांना हात लावला गेला नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. लॉक लोमंडच्या १७ जणांच्या मंडळातही थेट निवडणुकीच्या जागा पाचच आहेत.

उद्यानाचे पाच प्रभाग पाडलेले असतात, प्रत्येक प्रभागातून एक सदस्य निवडला जातो, मुदत चार वर्षांची असते आणि मतदान टपालाने होते. केअर्नगॉर्म्समध्ये यापूर्वीची निवडणूक २०२३ साली झाली. मतदाराची पात्रता ठरते ती स्थानिक स्वराज्य निवडणुकीच्या मतदारयादीवरून आणि उद्यानातील वास्तव्यावरून. स्कॉटलंडने २०२० साली कायदा करून, तेथे कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी नागरिकांनाही स्थानिक निवडणुकांत मत दिले आहे. त्यामुळे आपल्या पुतण्याचे पारपत्र (पासपोर्ट) पोर्तुगालचे असो वा भारताचे, तो तेथे रीतसर राहतो आणि त्याचे नाव यादीत आहे, एवढे पुरेसे आहे.

एक खुलासा येथेच केलेला बरा. ही पद्धत संपूर्ण ब्रिटनची नाही. इंग्लंड आणि वेल्समधील राष्ट्रीय उद्यानांत थेट निवडणूक होत नाही; तेथे परिषदांचे आणि सरकारने नेमलेले सदस्य असतात. इंग्लंडमध्ये मात्र काही जागा पॅरिश परिषदांच्या, म्हणजे आपल्या पंचायतींच्या पातळीवरील संस्थांच्या, सदस्यांसाठी राखलेल्या असतात. पुढील एका उत्तरात या व्यवस्थेचा संदर्भ पुन्हा येईल.

प्रश्न : मग मोले राष्ट्रीय उद्यानासाठी अशी निवडणूक का होत नाही? आपण पंच निवडतो, जिल्हा पंचायत सदस्य निवडतो, आमदार निवडतो; परंतु ज्या जंगलाच्या कडेला आपण जन्म काढतो त्याच्या कारभारात आपले मत कोठेच नाही. (एक निवृत्त शिक्षिका, कुळे)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाण्यासाठी प्रथम ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणजे दोन्ही देशांत काय समजले जाते, हे पाहावे लागेल. केअर्नगॉर्म्सचे क्षेत्र ४,५२८ चौरस किलोमीटर आहे. आपले संपूर्ण गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे ते उद्यान पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या गोव्याहून मोठे आहे, आणि त्यात गावे आहेत, शेती आहे, शाळा आहेत, मद्याच्या भट्ट्या आहेत, सुमारे १८,००० लोकांची वस्ती आहे. बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे. अशा प्रदेशात घर बांधायला, दुकान वाढवायला, रस्ता काढायला परवानगी कोणी द्यावी, हा रोजचा प्रश्न असतो, आणि उद्यान प्राधिकरणाकडे याच परवानग्यांचे अधिकार असतात. लॉक लोमंडमध्ये ते पूर्णपणे प्राधिकरणाकडे आहेत. केअर्नगॉर्म्समध्ये अर्ज प्रथम स्थानिक परिषदेकडे जातो आणि महत्त्वाचा वाटल्यास प्राधिकरण तो स्वतःकडे मागवून घेते. ज्या संस्थेच्या हाती आपल्या घराच्या परवानगीचा निर्णय आहे, त्या संस्थेत आपला माणूस हवा, हा विचार तेथे सहज मान्य होण्यासारखा होता.

आपला कायदा निराळ्या पायावर उभा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यानुसार राष्ट्रीय उद्यान घोषित करताना तेथील जमिनीवरील सर्व हक्क राज्य शासनाकडे यावे लागतात. चराईला आणि वस्तीला तेथे स्थान राहत नाही. अभयारण्यात मात्र काही हक्क पुढे चालू ठेवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यांना असते. मोले येथे भगवान महावीर अभयारण्याचे एकूण क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर आहे आणि त्याच्या गाभ्यातील १०७ चौरस किलोमीटर क्षेत्राला १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्या १०७ चौरस किलोमीटरमध्ये कायद्याच्या दृष्टीने मतदारच असू शकत नाही. म्हणून स्कॉटलंडची मतपत्रिका तशीच्या तशी येथे आणता येणार नाही. येथे मतदारसंघ करायचाच झाला, तर तो उद्यानाच्या आतला नसून काठावरचा असेल : मोले, कुळे, साकोर्डा अशा पंचायतींतील लोकांचा, ज्यांच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, गवे शिरतात, ज्यांच्या भातशेतीत रानडुकरे उतरतात, आणि ज्यांचा रोजगार दूधसागरच्या पर्यटन हंगामावर चालतो.

दुसरे कारण घटनात्मक आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना जे २९ विषय सुचवले, त्यांत सामाजिक वनीकरण आणि गौण वनोपज हे विषय आहेत. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने नाहीत. शिवाय गोव्यात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्र नसल्यामुळे, शेजारच्या महाराष्ट्रातील काही आदिवासी भागांत ग्रामसभेला पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या, कायद्याने मिळालेले अधिकार येथे लागू होत नाहीत. परिणामी अभयारण्याचा कारभार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या हाती एकवटतो. त्यांच्या वर राज्य वन्यजीव मंडळ असते, ज्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, आणि त्याच्याही वर राष्ट्रीय वन्यजीव मंडळ, ज्याचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. या संपूर्ण उतरंडीत कुळ्याच्या मतदाराने याच कामासाठी थेट निवडलेला एकही माणूस नसतो.

तरीही ‘आपले मत कोठेच नाही’ हे आपले विधान मी पूर्णपणे मान्य करणार नाही, कारण त्याच कायद्यात एक तरतूद आहे जिच्याकडे आपण सर्वांनीच फार कमी लक्ष दिले आहे. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३३-ब नुसार राज्य शासनाने अभयारण्यासाठी सल्लागार समिती स्थापन करायची असते. तिच्या प्रमुखपदी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेले, वनसंरक्षकाहून कमी दर्जाचे नसलेले अधिकारी असतात; आणि सदस्यांत त्या मतदारसंघाचे आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन प्रतिनिधी, वन्यजीव संरक्षणाच्या क्षेत्रातील तीन व्यक्ती आणि संबंधित खात्यांचे अधिकारी असतात. अभयारण्याच्या आत व सभोवती राहणाऱ्या लोकांचा सहभाग कसा असावा, याविषयी सल्ला देणे हे या समितीचे कामच आहे. कलमाचे शब्द अभयारण्यासाठी आहेत. राष्ट्रीय उद्यानासाठीही अशीच समिती स्पष्ट शब्दांत सक्तीची करावी, अशी मागणी गोव्याच्या विधानसभेतून आणि खासदारांमार्फत केंद्राकडे गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पंचायतींचे ते तीन प्रतिनिधी कोणी निवडायचे, हे कायदा सांगत नाही. शासनाने परस्पर नावे घालावीत आणि सोयीच्या माणसांना बसवावे, याला त्यामुळे वाव राहतो. इंग्लंडमधील पॅरिश सदस्यांचा उल्लेख मी वर केला तो याचसाठी. काठावरच्या पंचायतींनी एकत्र येऊन, ग्रामसभांच्या संमतीने ही तीन नावे द्यावीत आणि शासनाने ती स्वीकारावीत, यासाठी नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. राज्य शासनाचा एक साधा आदेश पुरेसा आहे.

प्रश्न : स्थानिकांच्या हाती कारभार गेला तर जंगलाचे काय होईल, याची आपणास कल्पना आहे काय? गोव्यात निवडणूक म्हटली की जमीन, रिसॉर्ट आणि खाण यांचा पैसा आला. वाघांना विष घालणारे हातही स्थानिकच होते. (एक निसर्गप्रेमी, पणजी)

उत्तर : आपली भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, आणि म्हणूनच तिचे उत्तर सविस्तर देतो. स्कॉटलंडच्या कायद्याने हा धोका आधीच ओळखला होता. तेथे उद्यानाची चार उद्दिष्टे सांगितली आहेत : नैसर्गिक व सांस्कृतिक वारशाचे जतन, साधनसंपत्तीचा शाश्वत वापर, लोकांना त्या प्रदेशाची ओळख व आनंद मिळवून देणे, आणि स्थानिक समाजाचा आर्थिक-सामाजिक विकास. या चार उद्दिष्टांत संघर्ष उद्भवला तर प्राधिकरणाने पहिल्या उद्दिष्टाला, म्हणजे जतनाला, अधिक वजन द्यावे, असे कायद्याच्या नवव्या कलमात लिहून ठेवले आहे. मतदाराने कोणालाही निवडून दिले तरी हे कलम बदलत नाही. याशिवाय निवडून आलेल्या व नेमलेल्या सर्व सदस्यांना आपले जमिनीचे, व्यवसायाचे व इतर हितसंबंध जाहीर नोंदवहीत लिहावे लागतात, आणि ज्या विषयात हितसंबंध आड येतात त्या विषयाच्या निर्णयापासून दूर राहावे लागते. लॉक लोमंडच्या काठी बालोक येथे एका मोठ्या पर्यटन प्रकल्पाचा अर्ज आला, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील मंडळाने तो एकमताने फेटाळला. त्या मंडळात स्थानिकांनी निवडलेले सदस्यही होते. अर्जदारांनी पुढे शासनाकडे अपील केले, म्हणजे मंडळाचा शब्द अंतिम नव्हता. परंतु स्थानिक माणूस आला म्हणजे जमीन विकली गेली, हे समीकरण त्या उदाहरणात तरी खरे ठरले नाही.

वाघांवरील विषप्रयोगाच्या, म्हणजे सत्तरीतील गोळावलीच्या, घटनेचा आपण उल्लेख केला आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात चार वाघ मृत्युमुखी पडले आणि तपासात विषप्रयोगाचा प्रकार पुढे आला. ती गोव्याच्या वन्यजीव इतिहासातील अतिशय दुःखद घटना आहे आणि तिचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. मात्र त्या परिसरात वाघाने गुरे मारल्याच्या तक्रारी त्याआधी झाल्या होत्या, हेही लक्षात घ्यायला हवे. गुरे राखणाऱ्याला आपली तक्रार नेमकी कोणाकडे न्यावी, भरपाई कोण व किती दिवसांत देईल, आणि त्यावर विचारणा करण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे ठाऊक नसते तेव्हा तो वनखात्याला केवळ दंड करणारी यंत्रणा समजतो. पंचायतींचे तीन प्रतिनिधी दर तीन महिन्यांनी वनाधिकाऱ्यांसमोर बसून भरपाईच्या प्रलंबित प्रकरणांचा हिशेब मागत असते, तर ते वाघ वाचले असते असा दावा मी करत नाही. पण असा हिशेब मागण्याची जागा असणे हे जंगलाच्या हिताचे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पैशाच्या शक्तीबद्दल आपण म्हणता ते अगदी खरे आहे. म्हणूनच थेट, पक्षीय पद्धतीची निवडणूक गोव्यात लगेच सुरू करावी, या मताचा मी नाही. ग्रामसभेत उघडपणे नाव सुचवावे, हितसंबंध तेथेच जाहीर व्हावेत आणि हात वर करून निवड व्हावी, ही पद्धत लहान गावांत अधिक सुरक्षित आहे, कारण तेथे कोणाची जमीन कोठे आहे आणि कोणाची जीप दूधसागरला जाते, हे सर्वांना ठाऊक असते.

प्रश्न : असे मंडळ असते तर मोले येथील लोहमार्ग, महामार्ग आणि वीजवाहिनीचे प्रकल्प गावकऱ्यांना थांबवता आले असते काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : बहुधा नाही, आणि ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. स्कॉटलंडमध्ये ब्यूली ते डेनी ही ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी केअर्नगॉर्म्स उद्यानाच्या काही भागातून नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा उद्यान प्राधिकरणाने त्यास हरकत घेतली होती. प्रदीर्घ सार्वजनिक चौकशी झाली आणि जानेवारी २०१० मध्ये मंत्र्यांनी प्रकल्पाला मंजुरी दिली. राष्ट्रीय पातळीवरचा प्रकल्प म्हटला की निर्णय वर जातो, हे तेथेही आहे.

फरक आहे तो ऐकून घेण्याच्या पद्धतीत. तेथे प्राधिकरणाची हरकत अधिकृत पक्ष म्हणून नोंदली गेली आणि तिच्यावर उघड सुनावणी झाली. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांपैकी काहींचा विषय राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे एप्रिल २०२० मध्ये, देशभर टाळेबंदी असताना, दूरदृश्य बैठकीत आला. त्यानंतर गोव्यातील तरुणांनी, मच्छीमारांनी, शेतकऱ्यांनी आणि वास्तुविशारदांनी जो आवाज उठवला तो रस्त्यावर आणि न्यायालयात उठवावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद प्रत्येक गावात नसते. समितीच्या इतिवृत्तात आपली हरकत लिहून घेण्याची ताकद मात्र असू शकते, आणि पुढे न्यायालयात गेल्यास तेच इतिवृत्त पुरावा म्हणून उभे राहते.

प्रश्न : आम्ही वेळीप समाजाचे. खोतीगाव अभयारण्याच्या परिसरात आमची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती आहे. व्याघ्र प्रकल्प झाला तर आम्हांला उठवतील असे सांगितले जाते. आमचे मत कोण विचारणार? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : आपल्या बाबतीत कायदा इतरांपेक्षा अधिक स्पष्ट आहे. गोव्यातील वेळीप, गावडा आणि कुणबी या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. वनहक्क कायदा, २००६ नुसार दावे स्वीकारण्याचे आणि पडताळण्याचे काम ग्रामसभेचे आहे, आणि त्यासाठीची वनहक्क समिती ग्रामसभेनेच निवडायची असते. तीत १० ते १५ सदस्य असतात आणि किमान एक-तृतीयांश महिला असाव्या लागतात. जंगलाच्या संदर्भात गावाने निवडलेले मंडळ गोव्यात आजही अस्तित्वात आहे, ते हेच. व्याघ्र प्रकल्पाविषयीच्या कलम ३८-व्ही मध्ये ग्रामसभेच्या आणि संबंधित कुटुंबांच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय पुनर्वसन करता येत नाही, आणि प्रकल्पाभोवतीचे बफर क्षेत्र ठरवताना ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा वनवासींचे हक्क व दावे बारा महिन्यांत निकाली काढण्यासही सांगितले होते. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आपला दावा अद्याप दाखल नसेल तर तो आधी दाखल करा. व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूने वा विरोधात ठराव घेण्याच्या घाईत पुष्कळ ग्रामसभांनी दाव्यांकडे दुर्लक्ष केले, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रश्न : मी प्रथमच पंच म्हणून निवडून आलो आहे. आमची पंचायत नेत्रावळी अभयारण्याला लागून आहे. नवा कायदा होण्याची वाट न पाहता आम्ही काय करू शकतो? (एक पंच, सांगे)

उत्तर : प्रथम माहिती मिळवा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली वनखात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून, नेत्रावळी अभयारण्यासाठी कलम ३३-ब ची सल्लागार समिती स्थापन झाली आहे काय, तीत पंचायत राज संस्थांचे प्रतिनिधी म्हणून कोण आहेत, त्यांना कोणत्या तारखेच्या आदेशाने नेमले, आणि मागील तीन वर्षांतील बैठकांची इतिवृत्ते काय आहेत, एवढेच मागा. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. न मिळाल्यास पहिले अपील करा. अर्ज आपल्या नावाने करा, कारण माहितीचा अधिकार कायद्याने नागरिकाला दिला आहे.

त्याच वेळी व्यवस्थापन आराखड्याकडे लक्ष द्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जेथे वनहक्क कायदा लागू आहे तेथील अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करून तयार करणे आवश्यक झाले आहे. आपल्या परिसरात अनुसूचित जमातींची मोठी वस्ती असल्यामुळे ही तरतूद आपल्याला थेट उपयोगी आहे. आराखड्याचा मसुदा मराठीत किंवा कोकणीत मागवा आणि ग्रामसभेच्या आधी तो पंचायत घरात लोकांना वाचायला ठेवा. रविवारच्या सभेत आयत्या वेळी इंग्रजी मसुदा वाचून दाखवला गेला, तर त्याला विचारविनिमय म्हणता येणार नाही, आणि तसे इतिवृत्तात नोंदवण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

पंचायत क्षेत्रात खाजगी किंवा सामुदायिक जमिनीवर चांगले रान शिल्लक असेल, तर त्याच अधिनियमातील सामुदायिक राखीव क्षेत्राचाही विचार करा. त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीने नामनिर्देशित केलेले किमान पाच प्रतिनिधी आणि खात्याचा एक प्रतिनिधी असतो. म्हणजे बहुमत गावाचे असते. वनखात्याच्या जमिनीवर हे करता येत नाही.

शेवटी, शेजारच्या पंचायतींशी बोलून तीन नावांवर एकमत करा, त्यांपैकी किमान एक महिला असू द्या, त्यांचे हितसंबंध लेखी घ्या, आणि प्रत्येक ग्रामसभेचा स्वतंत्र ठराव करून त्याच्या प्रती मुख्य वन्यजीव रक्षक, आपले आमदार व पंचायत संचालनालय यांना पोचपावतीसह पाठवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला आलेले उत्तर ठरावाला जोडा. पुढील अंकासाठी ते उत्तर आमच्याकडेही पाठवल्यास या सदरात त्यावर जरूर लिहीन.